डोरीनच्या घरातली ऊब

मी एकदा माझेच बूट सेलमध्ये विकायला मांडले होते. स्वतःच्या हातांनी, नीट जोडी जुळवून, टाचा भिंतीकडे करून. आणि ते विकलेही गेले! मी आत भांडी बघत होते तेवढ्यात.

हसा, हसा. माझी नात हे ऐकून सोफ्यावरून खाली घसरली होती. तिनेच मागे लकडा लावला, "आजी, तुझा हा स्टोरी तू लिही ना, seriously!" तिचं मराठी असंच आहे. साउथहॅम्प्टनमध्ये जन्मलेल्या पोरीकडून मी याहून जास्त मागत नाही. पण तिला मी बुटांपर्यंतचीच गोष्ट सांगितली होती. पुढची... पुढची आज पहिल्यांदा लिहितेय.

एक आधीच सांगून टाकते. मी फिजिक्सची बी.एस्सी. आहे. लग्नाआधी साताऱ्याला शाळेत विज्ञान शिकवायचे. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी मुद्दाम पुढे जाऊन बसायचे, त्या बाईची नाडी मोजायला. इतकी आगाऊ! सासूबाई भारतातून फोनवर काकुळतीने म्हणायच्या, "अगं, मेलेल्या माणसाच्या वस्तू घरात आणू नयेत." तर ही विदुषी कॉलिंग कार्डाची मिनिटं जाळून त्यांना अणू-रेणू समजावून द्यायची. पन्नाशीला टेकले होते हो मी तेव्हा, पण शहाणपणाचा तोरा विशीतलाच. आज ती निमा समोर आली तर मी तिचा गालगुच्चा घेईन. जरा जोरातच.

तर, साउथहॅम्प्टन. साल २००४ असावं, किंवा त्याच्या पुढचं. महिना मार्च. थंडी संपल्याचं कॅलेंडरला कळलं होतं, हवेला नव्हतं. आमचे हे इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, मुलगा शिकायला बाहेर गेलेला, आणि मी घरात एकटी... म्हणजे शनिवारपर्यंत एकटी. शनिवारी सकाळी विजू यायची!

विजू नागपूरची. तिचे मिस्टर ह्यांच्याच हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. तिच्याकडे गाडी होती आणि माझ्याकडे लोकल पेपर. त्यातल्या बारीक जाहिरातींवर मी पेनाने गोल करून ठेवायचे — हाउस क्लिअरन्स, हाउस क्लिअरन्स, हाउस क्लिअरन्स. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: घरातलं म्हातारं माणूस गेलं, किंवा केअर होममध्ये गेलं, की मुलं घर रिकामं करायला काढतात. वीकेंडला पुढचं दार सताड उघडं. तुम्ही सरळ आत शिरायचं, खोल्याखोल्यांतून हिंडायचं, कपाटं उघडायची, आणि जे आवडेल ते उचलून दाराशी बसलेल्या माणसाला पैसे द्यायचे. दुकानात जाण्यात ती मजा नाही! इथे प्रत्येक खणात कुणाचं तरी आयुष्य... आणि कधीकधी अस्सल चांदीचा मुलामा असलेले काटेचमचे. आम्ही दोघी शनिवारी सकाळी अशा काही निघायचो, जणू लग्नाला निघालोय.

त्या दिवशीचं घर पोर्ट्सवुडच्या मागच्या चढावर होतं. जुनं, लाल विटांचं, दारापुढे काचेचं छोटं पोर्च. पाऊस भुरभुरत होता. आणि त्या पोर्चमध्ये भिंतीला लागून ओळीने काय मांडलेलं असावं? बूट. चपला. पावसातले रबरी वेलिंग्टन. अगदी शिस्तीत.

मला भरून आलं. इतक्या वर्षांत एकाही इंग्रजाच्या दाराबाहेर मी चपला काढलेल्या बघितल्या नव्हत्या.

"विजू, बघ!" मी म्हटलं. "हे लोकसुद्धा आपल्यासारखे! चपला बाहेर काढतात!"

"असतील बाप्पा," विजू म्हणाली. तिचं लक्ष आतल्या झुंबराकडे. ती बुटांसकट आत घुसलीसुद्धा.

मी मात्र संस्कारी. माझे तपकिरी लेदरचे बूट काढले, रुमालाने पुसले, आणि त्या ओळीत शेवटी मांडून ठेवले. विजूच्या पाठीकडे एक तुच्छतेचा कटाक्षही टाकला. आणि नुसत्या मोज्यांवर आत गेले.

ते मोजेही फार टिकले नाहीत. स्वयंपाकघरात शिरले तर इतके दिवस चालूच राहिलेला फ्रीजर सकाळी बंद केलेला. त्यातला बर्फ वितळून सगळं पाणी फरशीवर आलेलं. पचाक! दोन्ही मोजे चिंब.

"पाणी सांडलंय हं, जपून," कुणीतरी म्हणालं.

टेबलाशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ऐंशीच्या पुढचे, अंगात स्वेटर, हातात काठी, डोळे एकदम चलाख. मी मोजे काढून सिंकमध्ये पिळले, पिशवीत टाकले आणि विचारलं, "ही खुर्ची छान आहे. विकायची आहे का?"

"आहे की," ते म्हणाले. "पण माझ्यासकट घ्यावी लागेल."

मला ते तिथेच आवडले. त्यांचं नाव स्टॅन. घर त्यांचंच. बायको, डोरीन, आदल्या वर्षी गेली होती. स्टॅनना मुलीने केअर होममध्ये ठेवलं होतं, आणि तेव्हापासून घर बंदच होतं. हे मला स्टॅननीच सांगितलं, पुढच्या दोन वाक्यांत, कसलाही आव न आणता. तेवढ्यात ती मुलगी आली. जेनेट तिचं नाव. माझ्यापेक्षा थोडी लहान असेल, चेहरा रडून सुजलेला, पण कामाला कंबर कसलेली.

"डॅड, तुम्ही गाडीत बसणार होतात."

"मी माझ्या स्वयंपाकघरात बसलोय."

"परत सुरू नका करू. प्लीज. सकाळी बोललोय ना आपण?"

"तू बोललीस. मी ऐकत होतो."

मी आपली पाय न वाजवता तिथून सटकले. बापलेकीच्या भांडणात उभं राहू नये, आणि पुढच्या खोलीतून विजूची हाक आली होती. "निमे! धावत ये! भांडी!!"

भांडी म्हणजे काय सांगू! डायनिंग टेबल भरून भांडी. आणि त्यांत... एक लांबुळकं, हातभर लांब, दोन कानांचं, झाकणाचं भांडं. आत उचलायची जाळी. इंग्रज त्यात अख्खा मासा वाफवतात. फिश केटल म्हणतात त्याला. पण मला त्यात मासा दिसलाच नाही. मला दिसल्या अळूवड्या! वेम्बलीच्या देशी दुकानांतून मागवलेल्या अळूच्या पानांचे उंडे मी बिचारीने किती वर्षं मधोमध कापून कुकरमध्ये कोंबले होते. आणि इथे हे भांडं — जणू अळूवडीच्या उंड्याचं माप घेऊन घडवलेलं!

मी झडप घातली. त्याच क्षणी समोरून एका टोपीवाल्या गृहस्थांनीही घातली. भांडं माझ्या हातात, झाकण त्यांच्या हातात. दोघेही हसतोय, दोघेही सोडायला तयार नाही.

"सॅमन करता वाटतं?" त्यांनी अदबीने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पानं."

"पानं?"

"पानं. गुंडाळून."

त्यांनी झाकण हळूच खाली ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकले. विजू पडद्याआड तोंड लपवून हसत होती.

या युद्धात किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या मागून माणसं जात-येत होती, क्लिअरन्सवाले वरच्या मजल्यावरून गालिचे गुंडाळून खाली आणत होते, धपाधप आवाज चालले होते. मी फिश केटल बगलेत मारून विजयी मुद्रेने पोर्चकडे निघाले. आणि... ओळ जवळजवळ संपलेली. माझी जागा रिकामी.

"माझे बूट?" मी दाराशी बसलेल्या माणसाला विचारलं. जाडगेला, हसरा, समोर पैशांचा डबा.

"तपकिरी? लेदरचे?" त्याचा चेहरा खुलला. "फर्स्ट क्लास होते हो! सगळ्यात आधी तेच गेले. पोस्टखात्यातली एक बाई होती, तिला चपखल बसले."

मंडळी, विजू तिथे पायरीवर बसली. उभं राहता येईना तिला. "बाप्पा बाप्पा! निमे, तू ओळीत उभी राहिली असतीस तं तुलाही विकलं असतं त्यानं!" मी रागावायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तो माणूस इतका माफी मागत होता आणि इतका हसू दाबत होता की मलाच त्याची दया आली.

आणि त्या हशातच जेनेटचा आवाज आला. "माझे डॅड कुठे आहेत? कोणी पाहिलं का माझ्या डॅडना?"

स्वयंपाकघरातली खुर्ची रिकामी होती. काठी नव्हती. जेनेटने दाराशेजारच्या खुंटीकडे पाहिलं आणि तिचा रंगच उडाला. "कोट नाहीये. कोट घालून निघून गेले. मला म्हणाले होते सकाळी... हे सगळं विकायला लावणार असशील तर मी चालत निघून जाईन. आणि मी म्हटलं, जा मग!" ती हुंदके द्यायला लागली. "त्यांना छातीचा त्रास आहे. या थंडीत... आणि उतरून खाली तो मोठा रस्ता आहे..."

क्षणात सेल संपला! इंग्रज माणसं एरवी एकमेकांकडे बघत नाहीत, पण अशा वेळी त्यांच्यासारखे तेच. टोपीवाले गृहस्थ चढाकडे, दोन बायका पार्ककडे, क्लिअरन्सवाले व्हॅन घेऊन, पैशांचा डबा काखेत मारून तो जाडगेलाही. विजूने गाडीची किल्ली काढली. "चल निमे!"

"कशी चल? बूट कुठेत?"

पोर्चमध्ये आता उरलं होतं काय, तर लहान मुलांचे फुटबॉलचे बूट आणि निळ्या, बकलच्या बायकी चपलांची एक जोडी. जेनेट घाईघाईत म्हणाली, "मम्मच्या आहेत, घाला, घाला." मी पाय घातला. म्हणजे अंगठा घातला. डोरीनबाईंचे पाय बाहुलीएवढे असावेत. आणि खरं सांगू? भुतांवर विश्वास नसलेल्या या विदुषीला मेलेल्या बाईच्या चपलेत पाय घालताना तळपायात एक शिरशिरी आलीच. अणू-रेणू कुठे गेले होते देव जाणे.

"तू इथेच थांब," विजू म्हणाली. "परत आले तं कोणी हवं ना घरी." आणि गेली.

मी उरले. एकटी, अनवाणी, बगलेत फिश केटल.

वरच्या खोल्या बघून आले. हाका मारल्या. स्टॅन, स्टॅन! बाथरूम, कपाटांच्या मागे, मागची बाग. सगळं पाहिलं. कुठेच नाहीत. मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन रस्त्याकडे बघत उभी राहिले. तो म्हातारा आता कुठे असेल, रस्ता ओलांडत असेल का... आणि पायांचं तर लाकूड झालेलं. त्या फरशीचा गारठा हाडात शिरत होता. मी बगळ्यासारखी एका पायावर उभी राहायचे, मग दुसऱ्या.

असाच डावा पाय खाली ठेवला, आणि तो उबेवर पडला.

कसं सांगू? कुणीतरी बराच वेळ बसून नुकतंच उठलेल्या खुर्चीवर आपण बसलो की कशी लागते, तशी ऊब. पावलाएवढीच. बाजूला पाय सरकवला तर बर्फ. परत आणला तर ऊब.

'पाइप,' मी स्वतःला म्हटलं. लगेच! फर्स्ट क्लास बी.एस्सी. ना! खालून गरम पाण्याचा पाइप जात असणार. मग कुतूहल म्हणून तो कुठे जातो ते बघायला पुढे पाय टाकला. पुढे गार. थोडा उजवीकडे टाकला... ऊब. मग डावीकडे, थोडं पुढे... ऊब. पुन्हा उजवीकडे. पाइप असा डावा-उजवा, डावा-उजवा जात नाही हो. पावलं जातात.

आणि लहान पावलं. माझी टाच उबेत असली तर बोटं गारठ्यात. एवढुशी!

तुम्हाला वाटेल मी किंचाळले असेन. अजिबात नाही. मला तो दिवस आठवला की अजून अंगावर काटा येतो, पण तो भीतीचा नाही. मला... मला मज्जा वाटली! लहानपणी ठिक्कर खेळताना पुढच्या घरात पाय नेमका पडला की कसं वाटतं, तसं. मी फिश केटल छातीशी धरून, सलवार वर उचलून, एकेक पाऊल टाकत होते. हं, इथे. आता इथे. इथे नाही, जरा अलीकडे. इथे!

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी मी मुद्दाम थांबले. म्हटलं बघू या काय होतं. पायाखालची ऊब तशीच राहिली. विझली नाही. माझ्यासाठी थांबल्यासारखी. मग मी गपकन मागे वळून आधीच्या जागेवर पाय ठेवला — गार दगड. पुन्हा उंबऱ्यावर आले, ऊब तिथेच. म्हणजे जे काही होतं ते माझ्याबरोबर पुढे येत होतं. मागचं पुसत, पुढचं मांडत.

आता फरशी संपून पॅसेजची लाकडी फळ्यांची जमीन लागली. गालिचा काढल्यामुळे ती उघडी होती. तिथेही तेच. मला वाटलं आता पुढच्या दाराकडे जाणार, रस्त्यावर. म्हणजे मला तसंच अनवाणी पावसात जावं लागणार. मी मनाची तयारीही केली! पण नाही. पावलं दाराकडे गेलीच नाहीत. अर्ध्या पॅसेजमध्ये ती डावीकडे वळली, जिन्याखाली. तिथे क्लिअरन्सवाल्यांनी गुंडाळलेले गालिचे उभे करून ठेवले होते, माझ्याहून उंच, एकाला एक टेकून, भिंतीला लावून.

तिथे जाऊन दोन्ही पावलं शेजारीशेजारी थांबली. जुळवून. दोन्ही तळपायांना ऊब, पहिल्यापेक्षा जास्त, अगदी निखाऱ्याजवळ बसल्यासारखी.

आणि पुढे काही नाही. समोर गालिचे.

मी तिथे उभी. कान देऊन ऐकलं. काही नाही. साधं खुट्टही नाही. मग त्या पावलांखालच्या उबेने जणू एकदा दाबलं... नाही, हे मी आत्ता रंगवून लिहितेय, खोडते. तसं काही झालं नाही. फक्त मला एकदम कळलं की हे गालिचे हलवायचे आहेत. आत्ता.

फिश केटल खाली ठेवली आणि पहिल्या गालिच्याला मिठी मारून ओढलं. तो माझ्यावरच आला! दुसरा त्याच्या मागोमाग. धूळ, जळमटं, मी जमिनीवर, माझ्यावर कुणाच्या तरी बेडरूममधला गुलाबी गालिचा. आणि गालिच्यांच्या मागे, जिन्याच्या लाकडी पट्ट्यांमध्ये बेमालूम बसवलेलं, त्याच रंगाने रंगवलेलं... एक दार. बुटकं, साधी कडी असलेलं. आपटलं की आपोआप लागणारी कडी.

उघडलं. खाली पायऱ्या, अंधार, ओला कोंदट वास.

"स्टॅन?"

तळाशी, शेवटच्या पायरीपुढे ते पडले होते. एक पाय विचित्र वळलेला. ओठ निळे. पण डोळे उघडे होते. माझ्याकडेच बघत होते. आणि दोन्ही हातांत, छातीशी घट्ट धरलेली, एक काचेची बरणी. केशरी. मार्मलेड, म्हणजे संत्र्याचा मुरंबा!

"हॅलो, डिअर," ते पुटपुटले. "फुटली नाही, बघ."

नंतर कळलं. तळघरात डोरीनने घातलेल्या मार्मलेडची शेवटची बरणी होती. ती सेलमध्ये जाऊ नये म्हणून ते गुपचूप आणायला गेले होते. आपल्याकडे नाही का गेलेल्या बाईच्या हातचं शेवटचं लोणचं कुणी सहजी वाढून टाकत नाही. मला ते न सांगता समजलं. पाय घसरला, दार आपोआप लागलं, आणि वरून आलेल्या माणसांनी ते दार आहे हे न कळून त्याला गालिचे टेकवले. आणि कोट? कोट कुणीतरी खुंटीवरून काढून विकत घेऊन गेलं होतं! माझ्या बुटांसारखाच. त्यामुळे सगळे रस्त्यावर.

मी माझा कोट त्यांच्यावर घातला, धावत वर आले, पुढचं दार उघडून पावसात अनवाणी उभी राहून अशी बोंब मारली — "विजेऽऽऽऽ!" की पोर्ट्सवुडच्या त्या चढावर आधी आणि नंतर कधी तशी घुमली नसेल. जेनेट कोपऱ्यावरून धावत आली. अ‍ॅम्ब्युलन्स आली. सगळ्यांनी मला मिठ्या मारल्या. टोपीवाले गृहस्थ तर रडले.

जेनेटने विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"आवाज आला," मी म्हटलं. सरळ थाप! दुसरं काय सांगणार? की तुमच्या जमिनीवर कुणीतरी गरम पावलांनी चाललं? वेड्यात काढलं असतं. विजूलाही मी तेच सांगितलं. कुणालाच दुसरं काही सांगितलं नाही.

घरी आल्यावर ह्यांना मात्र आडून विचारलं. "अहो, लाकडी जमीन मधेच गरम लागू शकते का? म्हणजे, अनवाणी चालताना?"

ह्यांनी पेपर खाली केला, चष्म्यातून बघितलं. "तुझ्या वयात हॉट फ्लशेस येतात."

"तळपायाला?"

"तुझं काही सांगता येत नाही," म्हणाले, आणि पेपर वर गेला. झालं डॉक्टरांचं निदान!

मग पुढच्या शनिवारी मी कोथिंबीर वड्या देण्याच्या निमित्ताने त्याच घरी आवराआवर करणाऱ्या जेनेटकडे गेले आणि सहज विचारल्यासारखं केलं, या घरात गरम पाण्याचे पाइप कुठून जातात? ती म्हणाली, डॅड होममध्ये गेले तेव्हाच सगळं हीटिंग बंद करून पाइपांतलं पाणी काढून टाकलंय. बॉयलर तर कधीचा काढून नेलाय. मी पुन्हा बूट-मोजे काढून तो पॅसेज चालले. तिला म्हटलं, आमच्यात सवय असते. इथून तिथून गार. स्वयंपाकघर गार. जिन्याखाली गार.

मग मी कोणकोणते खुलासे करून पाहिले नाहीत! ऊन म्हणावं तर त्या दिवशी ढग. लोकांच्या बुटांची ऊब म्हणावी तर बुटातून ती उतरत नाही, आणि माझ्या पायाखालून पुढे सरकत तर नाहीच. गारठ्याने बधिर झालेल्या पायांना कधीकधी खोटीच ऊब लागते, हे मी वाचलंय. मान्य. पण ती नेमकी जिन्याखाली कशी वळते? वीस वर्षं होत आली. माझ्यातल्या विज्ञानाच्या बाईंना याचं उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर जरूर कळवा, फक्त हॉट फ्लशेस सोडून.

स्टॅनचा खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं. ह्यांनीच सांगितलं, त्या तळघरात अजून थोडा वेळ गेला असता तर थंडीनेच संपले असते. मी त्यांना भेटायला वॉर्डात गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते, रंग परतलेला, डोळे पहिल्यासारखे चलाख. डोकं अगदी ठिकाणावर होतं त्यांचं, हे मुद्दाम लिहितेय. जेनेट कॉटशी बसून त्यांना पुन्हा पुन्हा तेच विचारत होती. "डॅड, आम्ही वर होतो. एवढी माणसं होती. तुम्ही एक हाक का नाही मारलीत?" ते नुसते हसून खांदे उडवायचे.

मग ती चहा आणायला गेली. त्यांनी ती दाराबाहेर जाईपर्यंत वाट पाहिली, मला बोटाने जवळ बोलावलं, आणि माझा हात हातात घेऊन जे बोलले ते मराठीत सांगते, पण एकही शब्द पदरचा नाही —

"मारणारच होतो, डिअर. पण डोरीन म्हणाली, ओरडू नकोस, स्टॅन, ती बाई आत्ता कुठे माझ्या मागे चालायला लागलीय, घाबरून पळून जाईल."